कोंबड्या मोकळ्या सोडायच्यात आणि बागेत कण्हेर आहे? मग हे वाचा

पहिलं म्हणजे कण्हेर विषारी असली तरी ती उपटायला लगेच कुदळ घेऊ नका. पोट भरलेली मोठी कोंबडी कडू पान सहसा खात नाही, कधी बघत उभे राहा, पानाचा तुकडा खुडते, दोनदा झटकते, टाकून देते आणि चोच मातीत पुसून पुढे किडे उकरायला लागते. गडबड होते ती उपाशी कोंबड्यांची, कोंडून ठेवून कंटाळलेल्यांची आणि पिल्लांची, पिल्लं तर काहीही टोचून बघतात. म्हणून सकाळी आधी फीड, मगच दार उघडायचं. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम फीड लागतं, त्यात काटकसर केली की ती झाडांकडे वळणारच.

माझ्या मते पानांपेक्षा बियांवर जास्त लक्ष ठेवा, कारण बी म्हणजे तिच्यासाठी दाणाच. एरंड, धोतरा, पिवळी कण्हेर, गुंज, या सगळ्यांच्या बिया विषारी. गुंजेचं टरफल टणक असतं, अख्खी बी तशीच बाहेर पडूही शकते पण कोंबडीच्या गिझर्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, खडे असतात ना, तिथे दळली गेली की आतलं विष मोकळं. त्यामुळे ही झाडं कुंपणाबाहेर असलेली बरी, नाहीतर शेंगा, बोंडं पिकायच्या आधीच तोडा आणि खाली पडलेलं रोज वेचा. आणि हो, कुंड्यांना एरंडीची पेंड घालत असाल तर ती बंद करा, विष तेलात जात नाही, पेंडीतच राहतं, आणि कोंबड्या कुंडी उकरणार म्हणजे उकरणारच.

कण्हेर ठेवलीत तरी चालेल पण छाटणी केली की फांद्या तिथेच ढीग घालून सोडू नका. पान वाळलं तरी विषारीच असतं. खुराड्यात अंथरायला तर अजिबात नको. घाणेरी किंवा डिफेनबेकिया (मोठ्या ठिपकेदार पानांचं शोभेचं झाड) असेल तर तीही विषारीच, भोवती जाळी मारा, पुरे.

किचनमधलं उरलंसुरलं टाकताना हिरवट बटाट्याची सालं, अ‍ॅव्होकॅडो आणि कच्चा राजमा बाजूला काढा.

एखादी पिसं फुगवून कोपऱ्यात बसली, तुरा काळपट निळा पडला, पाय लटपटायला लागले किंवा पातळ शी होतेय, तर तिला वेगळी काढा, सावलीत ठेवा, स्वच्छ पाणी समोर ठेवा. उलटी धरून ओकायला लावायची नाही, तेल, दूध घशात ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. बाकीच्यांना आत घ्या, जिथे ती चरत होती तिथली फांदी किंवा बी पिशवीत घाला आणि व्हेटला फोन करा, तो पहिलं हेच विचारणार की काय खाल्लंय. तिची अंडी खायची की फेकायची तेही त्याच फोनवर विचारून घ्या.