जुन्या पिकअपचं ॲव्हरेज पडलंय? पंप खोलण्याआधी या चुका टाळा

ॲव्हरेज पडलं की आपल्याकडं पहिला संशय इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर. मीही तेच केलं. तासगावहून सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याचे बॉक्स नेणारी माझी जुनी पिकअप लिटरला 14 किलोमीटरवरून 12 वर आली. फिटर म्हणाला, पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारे नोझल करून घेऊ. केलं. बिल भरलं, गाडी बाहेर काढली, ॲव्हरेज 12 चं 12च. दोष निघाला मागच्या डाव्या चाकात. ब्रेक सुटतच नव्हता, आणि मी पाच महिने ब्रेक ओढत गाडी चालवत होतो.

दोनचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. तासगाव-सांगली जाऊन-येऊन साधारण 50 किलोमीटर. महिन्याला 25 फेऱ्या धरल्या तर 15 लिटर डिझेल फुकट जातं.

ब्रेक धरतोय का ते घरीच कळतं. दहा-बारा किलोमीटर चालवा, शेवटी शक्यतो ब्रेक न मारता गाडी सपाटीला थांबू द्या आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या. चाकातल्या ब्रेकच्या ड्रमला हात लावू नका, भाजेल. एकच चाक जास्त तापलं असेल किंवा ब्रेकचा लायनर जळल्याचा वास येत असेल, तर संशय तिथंच. मग बाकीच्या चाकांना दगड लावा, ते चाक जॅकवर उचला, न्यूट्रल करून हँडब्रेक सोडा आणि हातानं फिरवा. जड फिरत असेल तर हँडब्रेकची केबल जास्त ओढलेली असते, नाहीतर आतली स्प्रिंग किंवा ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर अडकलेला असतो. बेअरिंगही त्याच वेळी बघून घ्या.

पण आधी ॲव्हरेज खरंच पडलंय का, ते तरी नीट मोजा. हजाराचं डिझेल टाकून काट्याकडं बघणं म्हणजे मोजणं नव्हे. टाकी फुल करा, तीन-चारशे किलोमीटर चालवा, त्याच पेट्रोल पंपावर, त्याच जागी गाडी लावून पुन्हा फुल करा. किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा बसलेलं डिझेल. भरलेल्या गाडीचा आकडा रिकाम्या गाडीच्या आकड्याशी जोडू नका. आणि मूळ मापापेक्षा मोठे टायर टाकले असतील तर मीटर किलोमीटर कमी दाखवतो. अशा वेळी ॲव्हरेज कागदावरच पडलेलं असतं.

हवा थंड टायरमध्ये बघायची, सांगलीला पोचल्यावर नाही. पुढची-मागची, रिकाम्याची-भरलेल्याची हवा वेगळी असते. आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. "अंदाजे चाळीस मारा" हे बंद करा.

एअर फिल्टरचं गणित आपल्या भागात वेगळं आहे. पुस्तकातली मुदत डांबरी रस्त्याची. उसाच्या हंगामात पाणंदीतून गाडी घातली की फिल्टर लवकर भरतो, इंजिनला हवा कमी पडते, काळा धूर निघतो. तो साफ करताना कॉम्प्रेसरची हवा आतून बाहेर आणि हळू मारा. जोरानं मारली की कागद फाटतो, धूळ सरळ टर्बोत, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यात जाते. फाटका फिल्टर साफ करत बसू नका, नवा टाका.

उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप) काढून टाकायची आपल्याकडं जुनी खोड आहे. रेडिएटर साफ करायचा कंटाळा, दुसरं काय! थर्मोस्टॅट नसला की इंजिनला हवी ती उष्णता यायला वेळ लागतो, तोवर डिझेल जास्त जातं. तासभर चालवूनही टेंपरेचरचा काटा खालीच असेल, तर आधी हे विचारा.

पसरणी घाटात पाचगणीहून वाईकडं उतरताना न्यूट्रल मारणारे भेटतात. डिझेल वाचतं म्हणे. उलट आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून एक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात, नोझलला डिझेल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं, आणि वेग आवरायचा सगळा भार ब्रेकवर येतो. चावी बंद करून उतरणं तर जिवावरचा खेळ. दोन-चार वेळा ब्रेक दाबला की ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्युम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

हायवेवर ऐंशीऐवजी साठ ठेवा, ताडपत्री फडफडू देऊ नका, रिकाम्या फेरीला उंच फ्रेम काढता येत असेल तर काढा. डिझेलच्या पाइपला लावायचे लोहचुंबक घेऊ नका. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका, त्यानं पंपाचं वंगण कमी होऊन तो झिजतो.

धुरावरही लक्ष ठेवा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनातही पांढरा येत राहिला तर डिझेल अर्धवट जळतंय किंवा कूलंट आत जातंय. काळा असेल तर फिल्टरनंतर टर्बोच्या रबरी नळ्या बघा. फाटली असेल तर चढाला शिट्टीसारखा आवाज येतो, ओढ कमी होते. एवढं सगळं बघून झालं आणि काळा धूर तरीही राहिला, तर मग पंप-नोझल खोला.