सरकारी जमिनीतील मुरूम नेताना: रॉयल्टी कशी मोजावी आणि कशी भरावी

घराचे जोते भरायचे असो, वस्तीवरचा रस्ता उचलायचा असो किंवा गोठ्यापुढचा चिखल बुजवायचा असो, मुरमावाचून काम पुढे जात नाही. सातारा-सांगलीच्या माळरानावर तो गावाच्या उशालाच असतो. त्यामुळे गावचा माळ म्हणजे गावचा मुरूम, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कायदा मात्र वेगळे सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 प्रमाणे खनिजावरचा हक्क शासनाचा आहे, आणि मुरूम, दगड, वाळू व भरावासाठी वापरली जाणारी माती ही सारी गौण खनिजे आहेत. त्यांच्या उत्खननाची रीत महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, 2013 यांत घालून दिलेली आहे. खनिज उचलण्याबद्दल शासनाला द्यायच्या रकमेला कागदोपत्री स्वामित्वधन आणि बोलण्यात रॉयल्टी म्हणतात. घरगुती किंवा गावपातळीवरच्या कामासाठी अल्पमुदतीचा परवाना घेऊन ती कशी भरावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पैशांचा विचार करण्याआधी जमिनीची जात पाहावी. गटाचा सातबारा काढून भोगवटादाराच्या जागी नेमके काय लिहिले आहे ते वाचावे, कारण ‘सरकार’, ‘गायरान’ आणि ‘वन’ या तीन नोंदींचे मार्ग तीन दिशांना जातात. वनजमिनीला वन संरक्षणाचा 1980 चा कायदा लागू होतो आणि तेथे तहसीलदारांचा परवाना चालत नाही. पाटण, जावळी आणि शिराळा या तालुक्यांत ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प याच पट्ट्यात आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर तर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. गायरानाच्या बाबतीत ग्रामपंचायतीचा ठराव आधी हातात असावा. तो नसेल तर अर्ज तेथेच अडतो, आणि माझ्या मते अडायलाही हवा, कारण गायरान प्रथम गुरांचे आहे.

यानंतर ब्रासचा हिशेब येतो. सगळी रॉयल्टी त्याच्यावर चालत असल्याने येथे घाई करू नये. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, साधारण 2.83 घनमीटर. समजा, जोते 40 फूट लांब व 30 फूट रुंद आहे आणि अडीच फूट भराव घालायचा आहे. गुणाकार 3,000 घनफूट, म्हणजे 30 ब्रास होतो. परंतु मुरूम पाणी मारून दाबल्यावर बसतो, म्हणून पाचवा हिस्सा वाढवून 36 ब्रास मागावेत. आता वाहनाचे माप पाहू. ट्रॉलीच्या आतल्या बाजूने स्वतः टेप लावावा. ती 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 2 फूट उंच भरली तर तिच्यात 120 घनफूट, म्हणजे 1.2 ब्रास मुरूम काठोकाठ मावतो, आणि 36 ब्रासांना बरोबर 30 खेपा लागतात. काठाच्या वर शिगेपर्यंत ढीग लावला की वाहतूक पासवरचे माप आणि ट्रॉलीतला माल यांचा मेळ बसत नाही. रस्त्यात गाडी अडली तर वादाची सुरुवात येथूनच होते.

मुरमाच्या रॉयल्टीचा दर 1 जुलै 2021 पासून ब्रासला 600 रुपये करण्यात आला. त्याआधी तो 400 रुपये होता. चलन काढण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला दर तहसील कार्यालयाच्या गौण खनिज शाखेत विचारून घ्यावा. 600 रुपयांनी 36 ब्रासांचे 21,600 रुपये होतात. त्याच्या 10 टक्के, म्हणजे 2,160 रुपये, जिल्हा खनिज प्रतिष्ठानासाठी वेगळे भरावे लागतात. एकूण 23,760 रुपये झाले. प्रतिष्ठानाचा हा पैसा खाणींमुळे झळ बसलेल्या गावांतील पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांसाठी असतो, म्हणून तो भरताना कुरकुर करू नये. ज्या गावाच्या माळाला खड्डा पडतो, त्या गावाने या निधीचा हिशेब मात्र आवर्जून मागावा. धंद्यासाठी परवाना घेणाऱ्यांकडून आयकर कायद्याप्रमाणे आणखी 2 टक्के वसूल होतात.

अर्ज ‘महाखनिज’ या शासकीय संकेतस्थळावरून करता येतो. सोबत सातबारा, चतुःसीमा दाखवणारा गट नकाशा, ग्रामपंचायतीचा ठराव आणि कामाचा तपशील जोडावा. 500 ब्रासपर्यंतचा परवाना तहसीलदार, त्यापुढे 2,000 ब्रासपर्यंतचा उपविभागीय अधिकारी देतात, आणि त्याहून मोठी मागणी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाते. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, आणि मंडळ अधिकारी स्थळ पाहणी करून अहवाल देतात. पाहणीच्या दिवशी आपण जागेवर हजर राहावे आणि खोदायच्या जागेच्या चारही कोपऱ्यांवर चुन्याने खुणा करून घ्याव्यात. पर्यावरण अनुमतीबद्दलही त्याच वेळी लेखी विचारावे, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या निर्णयानंतर पाच हेक्टरांहून लहान खाणीही त्या चौकटीत आल्या आहेत. मंजुरी आल्यावर ‘ग्रास’ या प्रणालीतून ऑनलाइन चलन भरता येते. कोणाच्याही हातात रोख रक्कम देऊ नये, मग तो कितीही ओळखीचा असो.

चलन भरले म्हणजे गाडी भरायला मोकळीक मिळाली, असे मात्र नाही. प्रत्येक खेपेला स्वतंत्र वाहतूक पास लागतो आणि त्यावर वाहन क्रमांक, परिमाण, निघण्याचे ठिकाण व मुदत असते. कराडजवळ आमच्या घराच्या जोत्यासाठी मी मुरूम विकत घेतला, तेव्हा पुरवठादाराने बिलावर ‘रॉयल्टीसह’ असे लिहून दिले आणि मी विश्वास ठेवला. चौथ्या खेपेला पास मागितला, तर त्यावरचा वाहन क्रमांक दारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा नव्हता. उरलेल्या खेपा मी तेथेच थांबवल्या, पण आधीच्या तीन खेपांचा मुरूम जोत्यात पडून गेला होता आणि त्याचा एकही खरा कागद माझ्याजवळ नव्हता. ती रुखरुख आजही आहे. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की ट्रॉली उलटण्याआधी पासवरचा क्रमांक आणि नंबरप्लेट शेजारी शेजारी ठेवून वाचावी.

विनापरवाना उत्खननाची किंमत याच्या कित्येक पट आहे. कलम 48 (7) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि 48 (8) प्रमाणे वाहन व यंत्रसामग्री जप्त होते. ती सोडवून घेण्यासाठीचा दंड ट्रॅक्टरला 1 लाख, डंपरला 2 लाख आणि पोकलेनला साडेसात लाख रुपये असा ठरलेला आहे. वर काढलेले 23,760 रुपये याच्याशेजारी मांडून पाहावेत.

जेथे रॉयल्टी लागत नाही, तेथे ती भरूही नये. स्वतःच्या बांधकामाचा पाया खणून निघालेली माती त्याच जागेत भरावाला वापरली, तर केवळ खणले म्हणून रॉयल्टी लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात डिसेंबर 2014 मध्ये स्पष्ट केले. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत शेतकरी तलावातला गाळ शेतात नेतात. त्या गाळावर रॉयल्टी नाही, मात्र गाळाच्या नावाखाली वाळू किंवा मुरूम नेण्याची मुभाही नाही. घरकुलाच्या लाभार्थ्यांना 2025 च्या वाळू धोरणाप्रमाणे 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत मिळते. पास मात्र त्यांनाही घ्यावा लागतो.

रस्त्याचे किंवा बंधाऱ्याचे सरकारी काम घेतलेल्या ठेकेदारांनी पास जास्तच जपावेत, कारण वापरलेल्या खनिजाचे पास दाखवता आले नाहीत तर बिलातून रॉयल्टी कापली जाते आणि एकाच मुरमाचे पैसे दोनदा जातात. घरगुती कामातही परवाना, चलन आणि सगळे पास एकाच फाइलमध्ये तारखेवार लावावेत. शेवटची खेप गेल्यावर खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली ग्राम महसूल अधिकाऱ्यांसमोर मोजून घ्यावी, पंचनाम्यावर परवान्याचा क्रमांक लिहवून घ्यावा आणि त्याची सहीची प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी. पुढे दुसऱ्या कोणी रात्रीतून तोच खड्डा वाढवला, तर आपण नेलेले माप दाखवायला हाच कागद उपयोगी पडतो.