अमेरिकेत सीपॅप मशीन इन्शुरन्समधून कसं घ्यावं

सीपॅप म्हणजे झोपेत ज्यांचा श्वास अडतो (स्लीप अ‍ॅप्निया) त्यांना रात्रभर मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. "इन्शुरन्स आहे ना, मग मशीन फुकटच" म्हणणारे आणि "कशाला त्या भानगडीत पडता, सरळ ऑनलाइन रोखीने घ्या" म्हणणारे, दोघेही मराठी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात भेटतात. आपल्या प्लॅनचे कागद दोघांपैकी कुणीच उघडून पाहिलेले नसतात. घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांची मशीनं मार्गी लावल्यावर माझं मत पक्कं झालंय: मशीन मंजूर करून घेणं सोपं असतं, खरी परीक्षा ते घरी आल्यावर सुरू होते.

१. तपासणी

बहुतेक प्लॅन आधी घरी करायची स्लीप टेस्ट सुचवतात. लॅबपेक्षा ती बरीच स्वस्त पडते, करून टाका.

मात्र रिपोर्टमधला एएचआय, म्हणजे तासाला श्वास किती वेळा अडतो किंवा मंदावतो तो आकडा, नीट बघा. १५ किंवा त्याहून जास्त असेल तर मेडिकेअरच्या (मुख्यतः ६५ पुढच्यांच्या सरकारी विम्याच्या) नियमात तेवढं पुरतं. ५ ते १४ असेल तर सोबत रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, निद्रानाश किंवा दिवसाची पेंग यांपैकी काहीतरी डॉक्टरांच्या नोंदीत असावं लागतं. आपली वडीलधारी मंडळी डॉक्टरसमोर बसली की "तसं काही नाही, बरंय सगळं" म्हणून मोकळी होतात आणि क्लेम तिथेच अडकतो. सिग्नलला गाडी उभी राहिली की डोळा लागतो, हे सांगा आणि लिहिलं गेलंय याची खात्री करा.

२. पुरवठादार

डॉक्टरांच्या ऑफिसने ज्याच्याकडे चिठ्ठी पाठवली तो पुरवठादार इन-नेटवर्क, म्हणजे तुमच्या प्लॅनशी करार असलेला, असेलच असं नाही. फोन पुरवठादाराला नव्हे, इन्शुरन्स कंपनीला करा. हातात बिलात लागणारे कोड ठेवा: मशीनचा ई०६०१, गरम पाण्याच्या ह्युमिडिफायरचा ई०५६२, नाकाच्या मास्कचा ए७०३४, पूर्ण चेहऱ्याच्या मास्कचा ए७०३०. विचारायचं एवढंच: पूर्वमंजुरी लागते का, भाडं की खरेदी, भाडं असेल तर किती महिने, आणि माझ्या वाट्याला किती. कॉलचा रेफरन्स नंबर लिहून ठेवा.

३. हिशेब

मेडिकेअरचं गणित सरळ आहे. पार्ट बीचं (डॉक्टर आणि उपकरणांचा खर्च बघणाऱ्या भागाचं) डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी दर वर्षी आपण भरायची रक्कम (२०२५ मध्ये ती २५७ डॉलर होती), भरून झालं की मंजूर रकमेच्या २० टक्के तुमचे. मशीन १३ महिने भाड्याने असतं, नंतर तुमच्या मालकीचं होतं. ग्रीन कार्डावर सलग ५ वर्षं इथे राहिलेल्या, ६५ पुढच्या आईवडिलांना मेडिकेअर विकत घेता येतं. व्हिजिटर इन्शुरन्सकडून मात्र सीपॅपची आशा धरू नका.

नोकरीतल्या प्लॅनमध्ये गोम डिडक्टिबलची असते. समजा डिडक्टिबल ३,००० आहे, त्यातलं काहीच भरलेलं नाही आणि मशीनचं भाडं महिना ९० डॉलर. मग मंजुरी असूनही ते सगळे ९० तुमच्याच खिशातून जाणार. त्यात ऑक्टोबरमध्ये सुरुवात केलीत, तर जानेवारीत डिडक्टिबलची मोजणी परत शून्यापासून सुरू होते आणि उरलेले हप्ते पुन्हा तुमच्या माथी. अशा वेळी रोखीची किंमत विचारण्यात शहाणपण आहे. पण त्याच वर्षी घरात बाळंतपण किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर रोखीने घेऊ नका, कारण ते पैसे सहसा डिडक्टिबलमध्ये धरले जात नाहीत. दोन्ही वाटांनी एचएसए किंवा एफएसए या उपचारखर्चाच्या करमुक्त खात्यांतले पैसे वापरता येतात. आणि रोखीने घेतलं तरी डॉक्टरची चिठ्ठी लागतेच. "चिठ्ठीशिवाय देतो" म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

४. पहिले ९० दिवस

सगळे इथेच घसरतात. मीही इथे चांगलाच घायकुतीला आलो होतो, म्हणून हे सविस्तर.

मशीनमध्ये मोडेम असतो. तुम्ही किती तास मास्क लावला हे तो रोज कळवतो. मेडिकेअरचा नियम असा: पहिल्या ३ महिन्यांत कधीही सलग ३० दिवसांचा असा एक टप्पा हवा, ज्यात ७० टक्के रात्री, म्हणजे २१ रात्री, किमान ४ तास वापर झालाय. शिवाय ३१व्या ते ९१व्या दिवसाच्या दरम्यान डॉक्टरांची भेट हवी आणि फायदा होतोय हे त्यांनी नोंदवायला हवं. बऱ्याच खासगी कंपन्याही याच धर्तीवर नियम लावतात. नापास झालात तर मेडिकेअरमध्ये पुन्हा डॉक्टर, पुन्हा टेस्ट, आणि ती घरी नाही, लॅबमध्ये.

"सवय होईल हळूहळू, सुरुवातीला एक दिवसाआड लावा" हा सल्ला देणाऱ्याला हात जोडा. ३० पैकी फक्त ९ रात्री चुकवायची मुभा आहे. एक दिवसाआड लावलंत तर १५ रात्री बुडतात.

४ तास सलग असावे लागत नाहीत, बेरीज धरतात. रात्री तीनला उठून बाथरूमला गेलात की परत येऊन मास्क लावायचा. बहुतेकांचे तास इथेच बुडतात: मास्क उशाशी राहतो आणि माणूस पहाटेपर्यंत तसाच घोरतो. बऱ्याच मशीनचा दिवस दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२ असा मोजला जातो, त्यामुळे रविवारची वामकुक्षी मास्क लावून केलीत तर तीही रविवारच्याच खात्यात जमा होते.

मास्क बोचत असेल, कडेने हवा सुटून डोळ्यांवर येत असेल, तर सोसत बसू नका आणि पट्टे आवळूनही काही होत नाही. उलट नाकाच्या हाडावर लाल वळ उठतो. बरेच पुरवठादार ३० दिवसांत मास्क बदलून देतात, पण मागावं लागतं. पहिल्या आठवड्यातच फोन करा. आमच्या पुरवठादाराने "दोन आठवडे थांबून बघा" असं तीनदा ऐकवलं, आणि तेवढ्यात बदलायची मुदत संपत आली. असं झालं तर ईमेल करा, म्हणजे तारीख राहते. हवेचा दाब सुरुवातीला अंगावर येत असेल तर दाब हळूहळू वाढवणारं रॅम्प सेटिंग चालू करून घ्या. नाक कोरडं पडत असेल तर ह्युमिडिटी वाढवा. दाब स्वतःच्या मनाने बदलू नका.

आणि आपल्या लोकांसाठी खास: डिसेंबरची भारतवारी ठरली असेल तर नोव्हेंबरात मशीन सुरू करू नका. प्रवासाचे दिवस त्या ९० दिवसांतूनच जातात, वर जानेवारीत डिडक्टिबलही नव्याने सुरू होतं. परत आल्यावर जानेवारीत सुरू करा. मात्र श्वास फारच अडत असेल आणि डॉक्टर थांबू नका म्हणत असतील तर अर्थातच त्यांचं ऐका. मशीन घेऊन जायचंच असेल तर मोडेम तिकडून माहिती पाठवेल या भरवशावर राहू नका, वापराची नोंद साठवणारं एसडी कार्ड आत आहे ना बघा. विमानात मशीनची बॅग सहसा केबिन बॅगेज म्हणून मोजत नाहीत. ती चेक-इन सामानात टाकू नका. आताच्या मशीनना २४० व्होल्ट चालतात, फक्त प्लग बदलणारा अडॅप्टर लागतो. तरी आधी लेबल वाचा.

५. मास्क, नळ्या, फिल्टर

मेडिकेअरमध्ये मास्क आणि नळी ३ महिन्यांनी, पट्टे आणि पाण्याचं भांडं ६ महिन्यांनी, मशीन ५ वर्षांनी. ही कमाल मर्यादा आहे, घ्यायलाच हवं असं नाही. पुरवठादाराकडून "तुमचं सामान तयार आहे" असा मेसेज आला की घाईने हो म्हणू नका. आधी घरात काय शिल्लक आहे ते बघा, मग तुमच्या वाट्याची रक्कम विचारा. फिल्टरसारख्या किरकोळ गोष्टी डिडक्टिबल शिल्लक असताना बाहेरून रोखीने बहुतेक वेळा स्वस्त पडतात.