प्रो स्पर्धेसाठी कोर्स किती अवघड लावायचा?

राहुरीला बीएस्सी ॲग्री करताना हराळीचा नायनाट कसा करावा यावर मी पानभर उत्तर लिहून मार्क मिळवले होते. नोकरी मात्र लागली ती हराळी वाढवायची. गोल्फ कोर्सवरचं बर्म्युडा गवत म्हणजे आपली हराळीच. ग्रीनवर, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीच्या हिरवळीवर, असते ती तिची संकरित जात, तीन मिलिमीटरच्या आसपास कापलेली. वडील पहिल्यांदा कोर्स बघायला आले तेव्हा त्यांनी ग्रीनवर वाकून बोटाने गवत चाचपलं आणि म्हणाले, "हिच्यापायी आमच्या दोन पिढ्यांची कंबर मोडली. आणि तुला हिला पाणी घालायचा पगार मिळतो?"

मिळतो. शिवाय क्लबला प्रो स्पर्धा मिळाली की सेटअपच्या मीटिंगलाही बसावं लागतं. तिथे कोणीतरी हमखास म्हणतं, "पोरं वीस अंडर मारून गेली तर आपल्या कोर्सची लाज जाईल." लगेच दुसरं कोणी म्हणतं, "रफ वाढवा." चहा येईपर्यंत निकाल लागलेला असतो. (अंडर म्हणजे पारपेक्षा, होलसाठी ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, कमी. रफ म्हणजे फेअरवेच्या, मधल्या कापलेल्या पट्ट्याच्या, बाहेरचं उंच गवत.) अशा मीटिंगला बसणाऱ्यांसाठी हे लिहितेय. रात्री जागून गोल्फची यूएस ओपन बघणाऱ्यांनाही चालेल.

आधी स्कोअर डोक्यातून काढा

2025 सालची दोन उदाहरणं घ्या. मार्चमध्ये गुरुग्रामला डीएलएफच्या गॅरी प्लेअर कोर्सवर इंडियन ओपन झाली. युजेनियो चकारा जिंकला, चार अंडरने. ऑक्टोबरमध्ये तिथून जवळच, दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर टॉमी फ्लीटवुड जिंकला, 22 अंडरने. अठरा फटक्यांचा फरक. मीटिंगमधल्या हिशोबाने पहिला कोर्स वाघ आणि दुसरा मांजर. पण दोन्ही ठिकाणी दुसरा कोण आला? तोच जपानचा केइता नाकाजिमा, ज्याने 2024 ला गुरुग्रामची इंडियन ओपन जिंकली होती. म्हणजे दोन्ही कोर्सनी माणूस बरोबर हुडकला. लोधी कोर्सवर झुडपं इतकी अंगावर येतात की रोरी मॅकिलरॉयने तिथे ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, वापरायचाच नाही असं ठरवलं होतं. तरी 22 अंडर झाले, कारण सरळ मारणाऱ्याला तो कोर्स पैसे चुकते करतो.

पार तर निव्वळ कार्डावरची शाई. पेबल बीचचा दुसरा होल पार पाच होता, 2000 च्या यूएस ओपनला तो पार चार केला. जमीन तीच, समुद्र तोच, फक्त चार दिवसांत प्रत्येकाच्या नावावर चार फटके जास्त दिसणार. टायगर वुड्स तरीही 12 अंडर राहिला आणि पंधरा फटक्यांनी जिंकला.

मीटिंगमध्ये मी एकच गोष्ट विचारते: चांगल्या फटक्याला आणि वाईट फटक्याला वेगळं उत्तर मिळणार आहे का? मिळत असेल तर कितीही अवघड करा, माझी ना नाही. दोघांना एकच उत्तर मिळणार असेल, मग ते बर्डी (पारपेक्षा एक कमी) असो की बोगी (एक जास्त), तर ती परीक्षा नाही, लॉटरी आहे.

लांबी

यावर फार वेळ घालवू नका. टी, म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा, मागे न्यायला सगळ्यात सोपं आणि फायदा सगळ्यात कमी. 2013 च्या यूएस ओपनला मेरियनचा कोर्स सात हजार यार्डांच्याही आत होता आणि जस्टिन रोझ जिंकला तो एक ओव्हरने. उलट एखादी टी पुढे आणून बघा. 2025 च्या यूएस ओपनला ओकमाँटवर जे. जे. स्पॉनने शेवटच्या दिवशी 17 व्या होलवर टीवरूनच ग्रीन गाठलं आणि बर्डी घेतली. हा पार चार 314 यार्डांचा. त्याच कोर्सवर जवळपास 290 यार्डांचा पार तीनही आहे! पुढे 18 व्या होलवर स्पॉनचा 64 फुटांचा पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा फटका) पडला आणि तो एक अंडरने जिंकला, पारच्या खाली तो एकटाच. एवढ्या कडक कोर्सनेही शेवटी एक दार किलकिलं ठेवलं होतं. अशी मोहाची एक जागा प्रत्येक दिवशी असावी, आणि हावरटाला तिथे सहाही पडावेत.

रफ

रफ वाढवला की मध्यम ताकदीचा, सरळ मारणारा खेळाडू फायद्यात येतो असा समज आहे. 2020 च्या यूएस ओपनला विंगड् फूटवर ब्रायसन डिशॅम्बोने चार दिवसांत 56 पैकी फक्त 23 फेअरवे पकडले आणि सहा फटक्यांनी जिंकला. कारण साधं आहे. सगळीकडे सारखाच दाट रफ असला की सगळेच अधूनमधून त्यात जाणार. मग ज्याचा चेंडू ग्रीनच्या जास्त जवळ, ज्याच्या हातात वेज (जवळून चेंडू उंच उडवायची काठी) आणि ज्याच्या मनगटात जोर, तोच बाहेर येणार. बाकीच्यांनी चेंडू फक्त बाजूला काढायचा. यात बघणाऱ्यालाही मजा नाही.

दुसऱ्या टोकाला पाइनहर्स्ट नंबर दोन. 2014 च्या यूएस ओपनला तिथे रफच नव्हता, होती वाळू आणि तारेसारख्या गवताचे झुबके. चेंडू कुठे सापडेल सांगता येत नाही, पण फटका मारायची संधी असते. चार दिवसांनंतर पारच्या खाली फक्त तिघे.

आपल्याकडे काय करायचं: फेअरवेलगतची मशीनची एक फेरी दीड इंचावर ठेवा, त्यापलीकडे अडीच-तीन. ग्रीनभोवती काही ठिकाणी गवत साफ खाली घ्या, म्हणजे चुकलेला चेंडू लांब घरंगळतो आणि थोडा उडवून चिप मारू की पट करू असा प्रश्न पडतो. त्या प्रश्नात प्रो जास्त गडबडतात, पाच इंची रफमध्ये नाही. आणि स्पर्धा पावसाळ्यानंतर लगेच असेल तर लव्हाळ्याकडे लक्ष ठेवा. त्यात गेलेला चेंडू बसतो तो बसतोच.

ग्रीन: खरी मेख इथे आहे

वेग मोजल्याशिवाय वेगाबद्दल बोलू नये. स्टिंपमीटर म्हणजे ॲल्युमिनियमची तीन फुटी पट्टी, मध्ये पन्हळ आणि वरच्या टोकाकडे एक खाच. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या हौशी खेळाडूला 1935 ची ओकमाँटची यूएस ओपन बघून ही कल्पना सुचली. चेंडू खाचेत ठेवायचा आणि टोक हळूहळू उचलायचं. साधारण वीस अंशांना चेंडू आपणहून सुटतो. हाताने ढकलायचा नाही, मनात आकडा धरून तर मुळीच नाही! तीन चेंडू एका दिशेने, तीन उलट दिशेने. किती फूट गेले त्याची सरासरी म्हणजे वेग. सपाट जागा मिळत नसेल तर नुसती सरासरी फसवते. चढाचं आणि उताराचं माप गुणून दुप्पट करा आणि दोघांच्या बेरजेने भागा. चढावर 8 आणि उतारावर 16 आले तर सरासरी 12 दिसते, खरा वेग असतो पावणेअकराच्या आतबाहेर. कितीतरी क्लबांची "आमचे ग्रीन बाराचे" ही बढाई या भागाकारात विरघळते.

जुन्या, उताराच्या ग्रीनला साडेदहा-अकरा पुष्कळ झाले. ब्रिटिश ओपनवालेही समुद्रकाठच्या वाऱ्याला घाबरून वेग बेताचाच ठेवतात. तरी 2015 ला सेंट अँड्रूजवर वाऱ्याने चेंडू ग्रीनवर ठरेनात आणि शनिवारी खेळ थांबवावा लागला.

आता कप, म्हणजे ग्रीनवरचं भोक. ग्रीनच्या कडेपासून निदान चार पावलं आत. भोवतीचे दोन-तीन फूट जवळपास सपाट. अठरांपैकी सहा अवघड, सहा मध्यम, सहा सोप्या जागा, डावी-उजवी वाटून. हे सगळं मला पाठ होतं, तरी मी माती खाल्ली.

मार्च महिना, तिसरा दिवस, 14 वं ग्रीन. पहाटे पावणेसहाला दव पडलेलं. मागच्या टप्प्याच्या खांद्यावर मी होल कटर टेकवला. लेव्हलवर तीन टक्के उतार आला. मी म्हटलं, चालतंय. आमचे हेड माळी, काका म्हणतो आम्ही त्यांना, त्यांनी बुटाने दव पुसून जमीन दाबून बघितली. "ताई, दुपारी इथं चेंडू उभा राहायचा नाही. एक पाऊल खाली घ्या." पिनशीट, म्हणजे कपांच्या जागांचा कागद, आदल्या रात्रीच छापून झाली होती, म्हणून मी ऐकलं नाही.

दोन वाजता ऊन रणरणत होतं आणि पश्चिमेचा वारा लागला होता. एका खेळाडूचा वरून मारलेला सहा फुटांचा पट कपाशेजारून गेला, रेंगाळला आणि ग्रीनच्या पुढच्या कडेला जाऊन थांबला. त्याने खालून परत मारला. चेंडू कपापाशी आला, क्षणभर थांबला आणि आला तसा त्याच्या पायाशी परत. तो मला काही बोलला नाही. टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा पट मारायला उभा राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं. सकाळच्या ग्रुपनी तिथे निवांत पार घेतले होते.

राउंड सुरू झाला की कप हलवता येत नाही. उरतं पाणी. दोन ग्रुपच्या मध्ये आम्ही नळी मारली आणि मागून येणाऱ्यांसाठी ग्रीन मऊ झालं, म्हणजे आणखी एक अन्याय. 2004 च्या यूएस ओपनला शिनेकॉक हिल्सवर सातव्या होलला हेच झालं होतं. शेवटच्या दिवशी तिथलं ग्रीन इतकं सुकलं की मधे मधे पाणी मारावं लागलं. त्या दिवशी एकालाही पारच्या खाली खेळता आलं नाही.

2018 ला तोच कोर्स, पुन्हा तेच, या वेळी शनिवारी. डॅनियल बर्गर आणि टोनी फिनाऊ सकाळी 66 मारून गेले. सुरुवातीला ते आघाडीपासून अकरा फटके मागे होते. दुपारी वारा अंदाजापेक्षा जास्त झाला, ग्रीन कडक झाले आणि संध्याकाळी पाहतात तो दोघेही पहिल्या जागेवरच्या बरोबरीत! तेराव्या ग्रीनवर फिल मिकेलसन तर इतका वैतागला की घरंगळणाऱ्या चेंडूला धावत जाऊन पुन्हा मारलं, दंड धरून त्या होलवर दहा. काही पिन, म्हणजे कपाच्या जागा, हाताबाहेर गेल्याचं आयोजकांनी कबूल केलं. रविवारी पाणी दिलं, तेव्हा फ्लीटवुडने 63 मारले. त्याच कोर्सवर 24 तासांत इतका फरक पडतो, तो फक्त मुळाशी असलेल्या ओलाव्याचा आणि वाऱ्याचा.

तेव्हापासून माझे नियम असे. कप सकाळी कापायचा, पण डोळ्यांसमोर दुपारचे दोन ठेवायचे. कपाच्या वर तीन फुटांवरून चेंडू हलकेच सोडायचा. चुकलेला चेंडू खाली तीन फुटांत थांबला नाही तर जागा रद्द, पिनशीट पुन्हा छापा. ओलावा मीटरने मोजायचा, फक्त मधे नाही, उंचवट्यांवरही, कारण आधी सुकतात ते उंचवटे. वाऱ्याचा अंदाज येईल त्यापेक्षा थोडा जास्तच धरायचा. रोलर दोनदा फिरवायचा मोह झाला तर एकदाच फिरवायचा. आणि काकांनी बुटाने जमीन दाबली की त्यांच्या तोंडाकडे बघायचं.

चौथ्या दिवशी बक्षीस समारंभ सुरू होतो तेव्हा मी तिथे नसते. शेवटचा ग्रुप 18 व्या ग्रीनवरून उतरला की पहिल्या होलपासून स्प्रिंकलर उघडत जायचं. आठवडाभर गवताला उपास घडवलेला असतो, आणि समिती भाषणं ऐकत असेपर्यंत पाण्याला कोणी आडकाठी करत नाही.