नागपुरात गिअरची मोटरसायकल शिकताना: प्रशिक्षणवर्ग कसा निवडावा आणि त्यात काय शिकून घ्यावे

नागपुरात गिअरची मोटरसायकल बहुतेक जण घरच्यांकडूनच शिकतात. सुटीच्या दिवशी सकाळी काका किंवा मोठा भाऊ एखाद्या मोकळ्या मैदानावर नेतो, क्लच कसा सोडायचा ते दाखवतो, चार-पाच वेळा गाडी बंद पडते आणि आठवड्याभरात शिकणारा बर्डीच्या गर्दीत गाडी घेऊन जातो. मीही असाच शिकलो. मला काकांकडून मिळालेली पहिली सूचना होती, "पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, पलटी खाशील." ती प्रेमापोटीच दिलेली होती, पण चुकीची होती, आणि हाताला लागलेली ती सवय मोडायला मला पुढे कित्येक वर्षे लागली. गाडी प्रशिक्षित माणसाकडून आणि ठरलेल्या क्रमाने शिकावी असा माझा आग्रह आहे, तो मुख्यतः या एका ब्रेकमुळे.

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि त्यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. त्या अपघातांतील ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण असे की, धडक टाळण्याच्या क्षणी बहुतेकांनी मागचा ब्रेक इतका जोरात दाबला की मागचे चाक घसरत गेले. पुढचा ब्रेक मात्र पुरेसा वापरलाच नाही.

आधी शिकाऊ परवाना काढावा

गिअरच्या मोटरसायकलसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर शिकाऊ परवान्याचा अर्ज भरताना गिअर असलेल्या मोटरसायकलचाच प्रकार निवडावा, कारण बिनगिअरच्या गाडीच्या परवान्यावर गिअरची गाडी चालवता येत नाही. आपल्या पत्त्यानुसार नागपूर शहर (एमएच ३१), नागपूर पूर्व (एमएच ४९) किंवा नागपूर ग्रामीण (एमएच ४०) यांपैकी आपले कार्यालय कोणते, हे आधी पाहून घ्यावे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतरच देता येते. हे ३० दिवस अनेकांना नुसते वाट पाहण्याचे वाटतात. प्रशिक्षणवर्ग नेमका याच काळात बसवावा. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावावा आणि शिकवणाऱ्या परवानाधारकाखेरीज कोणालाही मागे बसवू नये.

वर्ग निवडताना काय विचारावे

मोटर ड्रायव्हिंग स्कूलला परिवहन कार्यालयाकडून फॉर्म ११ मध्ये परवाना मिळालेला असतो. तो पाहायला मागण्यात संकोच करू नये. मात्र कागद चोख असला म्हणून शिकवणे चांगलेच असेल असे नाही. चारचाकीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक बसवलेला असतो, मोटरसायकलवर तशी सोय करता येत नाही. शिकणाऱ्याचा हात चुकला तर दुसऱ्या कोणाला गाडी थांबवता येत नाही, म्हणून पहिले धडे रहदारीपासून पूर्ण बंद अशा जागेतच झाले पाहिजेत. "पहिल्या दिवसापासून रस्त्यावर शिकवतो" असे अभिमानाने सांगणारा वर्ग सोडून द्यावा.

त्यानंतर चार गोष्टी विचाराव्यात: एका प्रशिक्षकाकडे एका वेळी किती जण असतात, सरावाची गाडी वर्गाची असते की आपली न्यावी लागते, ती हलकी आणि पाय जमिनीला टेकतील अशी असते का, आणि अचानक ब्रेक लावण्याचा सराव करून घेतला जातो का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "त्याची गरज पडत नाही" असे मिळाले, तर तिथे फक्त चाचणीपुरते शिकवले जाते असे समजावे. शक्य असल्यास एका सकाळी जाऊन आधीच्या तुकडीचा सराव स्वतः पाहावा.

अंगावर काय असावे

हेल्मेटवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा मानक क्रमांक असावा; १ जून २०२१ पासून देशात दुचाकीची हेल्मेटे या चिन्हाशिवाय विकता येत नाहीत. हेल्मेट घालून पट्टा आवळावा आणि ते दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवून पाहावे. गालांची कातडी त्याच्यासोबत ओढली गेली तर माप बरोबर आहे, नुसते हेल्मेटच फिरले तर ते मोठे आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडणे अवघड होते. त्यामुळे हेल्मेट दुपट्ट्यासह आणि त्याच्याशिवाय असे दोन्ही प्रकारे घालून पाहावे. जाड कापडावर चढवलेले हेल्मेट घट्ट वाटते, पण कापड सरकले की तेही सरकते. दुपट्ट्याची टोके आणि ओढणी आत खोचलेली असावीत, कारण मोकळे टोक चाकात किंवा चेनमध्ये अडकू शकते. घोटा झाकणारे बूट, जाड कापडाची पँट, पूर्ण बाह्या आणि हातमोजे हवेत. चपलेवर शिकायला जाऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत सराव सकाळी आठच्या आत संपवावा, कारण उन्हाने थकलेल्या माणसाचे हात आणि लक्ष दोन्ही मंदावतात.

मैदानावरचे धडे

पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवून गाडी ढकलावी, वळवावी, स्टँडवर लावावी. तिचे वजन हातांना कळले पाहिजे. त्यानंतर क्लच. तो हळूहळू सोडताना एका ठिकाणी गाडी पुढे सरकू पाहते, त्याला आपण हाफ क्लच म्हणतो. अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता केवळ क्लचवर गाडी पाच-दहा फूट पुढे नेणे आणि थांबवणे, हे पंचवीस-तीस वेळा केले तर गाडी बंद पडण्याची भीती जवळपास जाते.

गिअर बदलणे लवकर जमते, त्यावर फार वेळ घालवू नये. वेळ द्यावा तो ब्रेकला.

ब्रेक लागताच गाडीचा आणि चालकाचा भार पुढे जातो. पुढचे चाक रस्त्यावर अधिक दाबले जाते आणि त्याची पकड वाढते, तर मागचे चाक हलके होऊन सहज घसरते. म्हणून कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे बरेचसे काम पुढचाच ब्रेक करतो. काकांच्या सूचनेत तथ्य होते ते एवढेच की, हँडल वळलेले असताना, वाळूवर किंवा ओल्या मातीवर पुढचा ब्रेक एकदम आवळला तर गाडी खरोखरच आडवी होते. त्यावर उपाय म्हणजे तो नीट वापरायला शिकणे. हँडल सरळ ठेवावे, नजर समोर ठेवावी, दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत; पुढचा ब्रेक आधी हलका घ्यावा आणि भार पुढे गेल्याचे जाणवले की बोटांनी दाब वाढवत न्यावा, लिंबू पिळताना वाढवतो तसा. सुरुवात ताशी २० किलोमीटरवर करावी, मग ३०, मग ४०, आणि प्रत्येक वेळी गाडी कुठे थांबली तिथे खूण करावी.

या खुणा पाहून वेगाचा अर्थ कळतो. ताशी ४० किलोमीटरला गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते, ६० ला जवळपास १७ मीटर; धोका दिसून ब्रेकवर बोटे पोहोचेपर्यंत एवढे अंतर संपलेले असते. त्यापुढे ब्रेक लावल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढते, म्हणजे ४० ऐवजी ६० ने जाणाऱ्याला त्यासाठी सव्वादोन पट रस्ता लागतो.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या मोटरसायकलींना एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकून घसरू न देणारी व्यवस्था) आणि १२५ सीसीपर्यंतच्यांना दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस व्यवस्था सक्तीची करण्यात आली. परंतु अनेक गाड्यांत एबीएस केवळ पुढच्या चाकाला असते आणि घरातल्या जुन्या गाडीत यांपैकी काहीच नसते. वर्गात एका गाडीवर शिकून घरी दुसरी चालवणार असाल, तर ही गोष्ट प्रशिक्षकाला सांगून त्या गाडीवरही सराव करावा.

परिवहन कार्यालयाच्या चाचणीत आठचा आकडा काढावा लागतो. त्यासाठी हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकचा हलका स्पर्श पुरतो. नजर मात्र पुढच्या चाकावर न ठेवता वळणाच्या पलीकडे, जिथे जायचे आहे तिथे ठेवावी. खड्ड्याकडे पाहत राहणारा खड्ड्यातच जातो.

रस्त्यावर

मैदानावर थांबणे जमले की रविवारच्या सकाळी सिव्हिल लाइन्सचे रस्ते चांगले असतात. सेमिनरी हिल्सच्या चढावर मागचा ब्रेक धरून, हाफ क्लचवर गाडी उचलण्याचा सराव करावा. गाडी मागे घसरली नाही की हा धडा झाला.

त्यानंतर शहराच्या खऱ्या अडचणी येतात. आपल्या सिमेंट रस्त्यांची कडा आणि शेजारचे गट्टू अनेक ठिकाणी एका पातळीत नसतात. त्या कडेला समांतर राहून वर चढू पाहणारे चाक घसरते, म्हणून वेग कमी करून ती जमेल तितक्या काटकोनात ओलांडावी. वर्धा रोड आणि हिंगणा रोडवर मेट्रोच्या खांबांआडून यू-टर्न घेणारी गाडी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. तिथे समोरच्याने आपल्याला पाहिले आहे असे कधीही गृहीत धरू नये, अ‍ॅक्सिलरेटर सोडावा आणि दोन बोटे ब्रेकवर ठेवूनच पुढे जावे. रिंग रोडवर ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे जाऊ नये. चालकाला तिथले फारसे दिसत नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा निसरडा थर होतो आणि झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टेही घसरतात. त्या दिवशी पुढच्या गाडीपासूनचे अंतर दुप्पट करावे आणि ब्रेक आणखी हळुवारपणे लावावा.

पक्का परवाना मिळाला की घरचे लगेच मागे बसू इच्छितात. त्याआधी एका सकाळी अनुभवी, हेल्मेट घातलेल्या माणसाला मागे बसवून पुन्हा त्याच मैदानावर जावे, मागच्या टायरमधील हवा दोघांसाठी कंपनीने सांगितलेल्या मापाची करून घ्यावी आणि ब्रेकच्या खुणा २० पासून पुन्हा कराव्यात. भार बदलल्याने गाडी थांबण्याची जागा आणि हाताला जाणवणारा दाब हे दोन्ही बदललेले असतात.