छोट्या शिडाच्या बोटीची डोलकाठी: पावसाळ्यात खाली घ्या, नीट बघा, मगच पैसे घाला

मुंबईच्या बाजूला शिडाचा सीझन साधारण ऑक्टोबर ते मे, मग पाऊस सुरू झाला की बोट वर ओढायची, ताडपत्री टाकायची आणि चार महिने विसरून जायचं. बोटीचं ठीक आहे, पण डोलकाठीला विसरू नका, कारण ती आरामात बघता येईल असा वर्षातला वेळ हाच असतो. पाण्यावर काठी उभी असताना वरचं टोक कोण बघतंय, आणि पंधरा-अठरा फुटी बोटीच्या काठीवर माणूस चढवायचा तर विचारही करू नका, बोटच कलंडेल.

हे सगळं ॲल्युमिनियमची काठी आणि स्टीलच्या तारा असलेल्या छोट्या बोटींबद्दल आहे, एंटरप्राइजसारखी डिंगी, म्हणजे छोटी हलकी बोट, किंवा वीसेक फुटी कीलबोट, म्हणजे तळाला वजनदार कणा असलेली. लाकडी काठीचं वॉर्निश, कुजणं वगैरे प्रकरण वेगळं.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं का करायचं ते कळेल. काठी सहसा स्वतःहून मोडत नाही. आधी जातं ते कुठलं तरी टोक, म्हणजे तारेचं टर्मिनल (टोकाला दाबून बसवलेली नळी), एखादी पिन, एखादा रिव्हेट, आणि मग काठी पडते. एकट्याने शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारणाऱ्या अभिलाष टॉमींची काठी 2018 साली दक्षिण हिंदी महासागरात मोडली ती भयंकर वादळात, आपल्या काठ्या दहा-वीस रुपयांच्या स्प्लिट पिनपायी बंदरातच पडतात.

उतरवणं

पहिलं काम, वर बघा. विजेच्या तारा आहेत का? ॲल्युमिनियमची उभी काठी घेऊन ट्रेलर ढकलत नेताना तारेला लागली तर माणूस जागेवर जातो, यात अजिबात अतिशयोक्ती नाही. मग वारा पडलेला असेल अशी सकाळ बघा आणि दोन-तीन जण गोळा करा.

काही सोडायच्या आधी फोटो काढा आणि प्रत्येक टर्नबकलचे, म्हणजे तार आवळायच्या स्क्रूचे, किती आटे बाहेर दिसतायत ते लिहून ठेवा. डिंगीला टर्नबकलऐवजी भोकांची पट्टी असते, तिथे पिन कितव्या भोकात आहे ते लिहा. काठी बुडाशी बिजागरीवर असेल तर दोन्ही बाजूच्या तारा, म्हणजे श्राउड, लावलेल्याच ठेवा, एकाने काठी धरायची आणि दुसऱ्याने पुढची तार, म्हणजे फोरस्टे, सोडून दोरीने हळूहळू ढिली देत काठी मागे झोपवायची. बिजागरी नसेल तर सरळ उचलून काढावी लागते, तेव्हा बुडाशी जो धरतो तो तगडा पाहिजे.

खाली आली की सुताराच्या घोड्यांवर ठेवा, जमिनीवर नको. गोड्या पाण्याने आणि साध्या साबणाने धुवा, आतूनही पाणी सोडा, मीठ गेल्याशिवाय चीर दिसत नाही.

तारा

तारेवरून उघडा हात फिरवू नका, तुटलेला एक धागा हाताचं बोट फाडतो. कापसाचा बोळा किंवा जुना नायलॉनचा मोजा फिरवा, जिथे अडकेल तिथे गडबड. एक धागा जरी तुटला असेल तरी ती तार बाद, आणि शक्यतो दोन्ही बाजूची जोडीच बदला, कारण दुसरीने पण तितकाच मार खाल्लेला असतो.

खरा वेळ घालवायचा तो टर्मिनलवर. तार जिथे दाबून बसवलेल्या नळीत शिरते तिथे मीठपाणी मुरतं, खालच्या टोकाला जास्तच, कारण पाणी तारेवरून ओघळत तिथेच जातं. भिंग आणि टॉर्च घ्या. नुसता चहाच्या डागासारखा तांबूस रंग असेल तर घासून काढा, खाली गुळगुळीत धातू असेल तर चालेल. पण केसासारखी उभी रेघ दिसली, नळी वाकलेली किंवा फुगलेली वाटली, की तार संपली. तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील तर चांगल्या दिसत असल्या तरी मी बदलेन, आपल्याकडच्या उन्हात आणि खाऱ्या हवेत त्याहून जास्त ओढण्यात शहाणपणा नाही.

नवीन घेताना 316 ग्रेडच्या स्टेनलेसची, 1×19 विणीची (एकोणीस सुटे धागे एकत्र पिळलेली) तार मागा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं "एसएस" म्हटलं की 304 हातात येतं, कधीकधी 202 पण, आणि खाऱ्या पाण्यात ते टिकत नाही. लोहचुंबक लावून ओळखायला जाऊ नका, ओढून बनवलेली 316 ची तारही थोडी चिकटू शकते.

काठी

स्टीलचा स्क्रू आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले आणि मध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी पावडर दिसते ती हीच. असे स्क्रू काढा, साफ करा, परत लावताना ड्युरालॅक किंवा टेफ-जेल लावा, हे दोन धातू एकमेकांपासून वेगळे ठेवणारे लेप आहेत. ढिले रिव्हेट ड्रिलने काढून नवीन मारा, स्टीलच्या फिटिंगला शक्यतो मोनेलचे (निकेल-तांब्याचा मिश्रधातू), साधे ॲल्युमिनियमचे जोर असलेल्या जागी नको. बुडाचं पाणी निघायचं भोक बुजलंय का ते बघा, बुजलेलं असेल तर पाणी साचून काठी आतून खाल्ली जाते.

स्प्रेडर, म्हणजे तारेला बाहेर ढकलणारे आडवे दांडे, यांच्या टोकाशी तारेबरोबर होणारा वरचा आणि खालचा कोन सारखा पाहिजे. दांडा खाली लोंबलेला असेल तर तो दाब आला की निसटणार. टोकांवरची टेप दर वर्षी काढाच, खाली काय चाललंय ते टेप लपवते, आणि स्टेनलेसला हवा लागते, घट्ट गुंडाळून दमट ठेवलं तर ते गुपचूप सडतं.

वरची चाकं, म्हणजे शीव्ह, हाताने फिरवून बघा. अडकत असतील तर धुवा आणि कोरडा टेफ्लॉन स्प्रे मारा, ग्रीस नको, त्यात वाळू बसते.

अपग्रेड

बरेच जण आधी नवीन शिडाची किंमत काढतात. माझं मत, आधी हॅलयार्ड बदला, म्हणजे शीड वर ओढायची दोरी. जुनी पॉलिस्टरची दोरी वाऱ्यात ताणली जाते, शिडाची पुढची कड ढिली पडते आणि नवीन शीडही जुन्यासारखंच चालतं. डायनीमाच्या, म्हणजे फार कमी ताणल्या जाणाऱ्या मजबूत कृत्रिम धाग्याच्या, गाभ्याची आणि पॉलिस्टरच्या कव्हरची 6 किंवा 8 मिलीमीटरची दोरी घ्या, बारीक दोरी ताकदीला पुरते पण हातात धरवत नाही. दोन गोष्टी सांभाळा. डायनीमा निसरडं असतं, त्यात नेहमीची बोलाइन गाठ सरकू शकते, म्हणून टोकाला स्प्लाइस करून घ्या, म्हणजे गाठीऐवजी दोरी स्वतःमध्येच ओवून फास करायचा. आणि आधी तारेची हॅलयार्ड असेल तर चाकाची खोबण अरुंद आणि खरखरीत झालेली असते, ती नवीन दोरी कापते, चाकही बदला.

दोरी बदलताना जुनी ओढून काढू नका! नवीन दोरीचं टोक जुनीच्या टोकाला टोकाशी टोक लावून दाभणाने शिवा, वर बारीक टेप गुंडाळा आणि जुनी ओढा, नवीन आपोआप आतून जाते.

सगळ्या तारांच्या जागी डायनीमा लावायचं फॅड आहे, हलकं असतं हे खरं, पण ऊन आणि घासणं दोन्ही त्याला सोसत नाही, शिवाय कायम ताणात ठेवलं तर हळूहळू लांबत जातं. रेसिंग करत नसाल तर तारच बरी.

परत उभी करणं

टर्नबकलच्या आट्यांना लॅनोलिन लावा, कोरडं स्टेनलेस स्टेनलेसमध्येच जाम होतं. स्प्लिट पिना दर वर्षी नवीन, पाय थोडेसेच फाकवायचे, पूर्ण मागे वळवल्या तर वेळेला पक्कडीने पण निघत नाहीत.

काठी सरळ आहे का बघायला मोठ्या शिडाची हॅलयार्ड दोन्ही बाजूंच्या श्राउडच्या बुडापर्यंत ओढून मापा, माप सारखं आलं पाहिजे. मागे किती कललीय ते बघायला त्याच हॅलयार्डला ओळंबा बांधा. मग काठीला डोळा लावून खालून वर बघा, बाजूला वाकलेली दिसता कामा नये.

ताणासाठी महागडा गेज नसला तरी चालतं. 2 मीटरची लाकडी पट्टी घ्या, हाताने आवळलेल्या श्राउडला तिचं वरचं टोक घट्ट बांधा, खालच्या टोकाशी तारेवर खूण करा आणि टर्नबकल आवळत जा. 1×19 तारेत खूण 1 मिलीमीटर सरकली म्हणजे तुटण्याच्या ताकदीच्या 5 टक्के ताण आला, तार जाड असो की बारीक. 3 मिलीमीटर म्हणजे 15 टक्के, छोट्या कीलबोटीला सुरुवातीला तेवढं पुरे. तुमच्या बोटीच्या क्लासचं ट्यूनिंग गाइड असेल तर मात्र आकडे त्यातलेच घ्या, डिंगीला तर नक्कीच. दोन्ही बाजू आलटून पालटून थोड्या थोड्या आवळा, एकच बाजू संपवून दुसरीकडे गेलात तर काठी वाकडी होणार.

मग बऱ्यापैकी वाऱ्यात एक फेरी मारा, पिना लावून पण टेप न लावता. बोट नीट कललेली असताना वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूचं श्राउड बघा, किंचित सैल चालेल, पण लटपटत असेल तर धक्क्यावर परत येऊन दोन्हीकडे अर्धा-अर्धा फेरा आवळा. नवीन तारा पहिल्या एक-दोन फेऱ्यांत बसतात, त्यामुळे हे परत करावं लागेल, आणि ते झालं की पिनांच्या टोकांवर शीड फाटणार नाही इतपतच टेप लावा.