पेनड्राइव्ह एका संगणकावर चालतो, दुसऱ्यावर चालत नाही? या चुका टाळा

पेनड्राइव्हवरून संगणक सुरू (बूट) करायचा असेल, तर आयएसओ फाइल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची एका फाइलमध्ये बांधलेली प्रत, पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करू नका. ती रूफस किंवा बलेनाएचर या प्रोग्रामने लिहावी लागते. (पेनड्राइव्हवर व्हेंटॉय हा आयएसओ फाइल थेट सुरू करणारा प्रोग्राम टाकलेला असेल तर मात्र कॉपी पुरते.) लिहिण्याआधी एसएचए-२५६ चेकसम (फाइल पूर्ण आणि बिनचूक उतरली का ते तपासायचा संकेतांक) मूळ वेबसाइटवरच्या चेकसमशी जुळवा. अर्धवट डाउनलोड झालेली फाइल पुढे बरेच तास खाते.

बूट मेनूची (संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडायच्या यादीची) कळ प्रत्येक कंपनीची वेगळी असते: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, एमएसआयवर एफ११. विंडोज असेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट करा, म्हणजे पेनड्राइव्ह निवडायचा पर्याय पडद्यावरच मिळतो. तिथेही तो दिसला नाही, तर रूफसमध्ये काय निवडले होते ते आठवा. जीपीटी (डिस्कचे भाग पाडायची नवी पद्धत) आणि यूईएफआय (संगणक सुरू करणारी, बायोसनंतरची प्रणाली) निवडून लिहिलेला पेनड्राइव्ह जुन्या बायोसच्या संगणकावर सुरू होत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक लिनक्स थेट पेनड्राइव्हवर इन्स्टॉल करताना होते. तुम्ही पेनड्राइव्ह निवडता, पण इन्स्टॉलर बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरील ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटलोडर ठेवायच्या भागात) टाकून मोकळा होतो. उबंटू या लिनक्सच्या इन्स्टॉलरबाबत हे अनेकदा घडलेले आहे. मग पेनड्राइव्ह काढला की लॅपटॉप ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरच्या काळ्या पडद्यावर अडकतो आणि दुसऱ्या संगणकाला पेनड्राइव्हवर बूट करण्याजोगे काहीच सापडत नाही. कारण साधे आहे. बूटलोडर कुठे आहे याची नोंद मदरबोर्डच्या मेमरीत राहते, ती पेनड्राइव्हबरोबर फिरत नाही. अनोळखी संगणक पेनड्राइव्हच्या फॅट३२ पार्टिशनमध्ये ईएफआय नावाचे फोल्डर, त्यात बूट हे फोल्डर आणि त्यात 'बूटएक्स६४.ईएफआय' ही फाइल एवढेच शोधतो. म्हणून इन्स्टॉल करताना आतली डिस्क काढून ठेवा किंवा बायोस/यूईएफआयच्या सेटिंगमधून बंद करा. मी तरी याहून भरवशाचा उपाय मानत नाही. चूक होऊन गेली असेल, तर पेनड्राइव्हवर ईएफआय पार्टिशन आहे याची खात्री करून ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा 'रिमूव्हेबल' पर्यायासह पुन्हा चालवा.

सिक्युअर बूट (डिजिटल स्वाक्षरी नसलेला बूटलोडर अडवणारी सुरक्षा) आडवा आला की लोक तो लगेच बंद करतात. थांबा! डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे एन्क्रिप्शन) असेल तर विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती आधी हाताशी ठेवा. उबंटू आणि फेडोरा यांचे बूटलोडर स्वाक्षरी केलेले असतात, त्यांच्यासाठी तो सहसा बंद करावाच लागत नाही.

मॅकची गोष्ट वेगळी. टी२ ही सुरक्षा चिप असलेल्या इंटेल मॅकवर बाहेरून बूट करण्याची परवानगी आधी मॅकच्या रिकव्हरी मोडमधून द्यावी लागते. एम१ आणि त्यापुढच्या, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर इंटेलसाठी बनवलेला पेनड्राइव्ह बूट होत नाही, तिथे वेळ घालवू नका.

ग्रबचा मेनू दिसतो पण पुढे पडदा काळाच राहतो? बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाची अडचण असते. ग्रबमध्ये इंग्रजी 'ई' (e) दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' (nomodeset) हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा आणि एफ१० दाबा.